समुद्रतळाचा निरोप वर कसा येतो?

२६ डिसेंबर २००४ रोजी सकाळी सुमात्रा बेटाच्या पश्चिमेस समुद्राचा तळ हादरला. ९.१ तीव्रतेच्या त्या भूकंपातून त्सुनामी लाटा उठल्या आणि हिंदी महासागराच्या काठावरील चौदा देशांत मिळून सुमारे सव्वादोन लाख माणसे मृत्युमुखी पडली. आपल्या तामिळनाडूच्या किनाऱ्यास येऊन भिडावयास त्या लाटांना दोन तासांहून अधिक वेळ लागला होता. तेवढ्या अवधीत वृद्ध माणूसही पायी चालत सुरक्षित जागी जाऊ शकतो. परंतु लाट वाटेवर आहे, ही वार्ता किनाऱ्यावरील कोळ्यांना कळली नाही. कारण ती कळविणारी यंत्रणाच त्या वेळी हिंदी महासागरात नव्हती.

पुढे ऑक्टोबर २००७ मध्ये हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्रात त्सुनामीची पूर्वसूचना देणारा विभाग सुरू झाला. चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेने त्यासाठी समुद्रात बोये ठेवले. अशा बोयाच्या खाली, समुद्राच्या तळावर, एक दाबमापक असतो. आपल्या डोक्यावरील पाण्याचा भार तो सतत मोजत राहतो. त्सुनामीची लाट वरून जाऊ लागली की तो भार किंचित बदलतो. दाबमापक ती वार्ता वर बोयाकडे धाडतो, बोया ती उपग्रहास कळवितो आणि उपग्रहाकडून ती भूमीवर येते.

एका यंत्राला एक बोया, ही व्यवस्था समजावयास सोपी आहे. परंतु समजा, समुद्राच्या विस्तीर्ण भागात शेकडो यंत्रे ठेवावयाची आहेत: कोणी पाण्याचे तापमान मोजावयाचे, कोणी क्षारता, कोणी प्रदूषण, कोणी तेलवाहिनीची गळती. प्रत्येकाच्या डोक्यावर स्वतंत्र बोया ठेवणे परवडणार नाही. शिवाय वादळे, जहाजे आणि मासेमारीची जाळी यांचा उपद्रव बोयांना होतोच. मग उपाय एकच उरतो. खालच्या यंत्राने आपला निरोप जवळच्या यंत्रास सांगावयाचा, त्याने पुढच्यास, आणि अशा रीतीने हातोहात तो निरोप पृष्ठभागावरील एखाद्या बोयापर्यंत न्यावयाचा. अशा मोजणाऱ्या यंत्रांना संवेदक म्हणतात आणि त्यांच्या या परस्परसंबद्ध समूहाला पाण्याखालील बिनतारी संवेदक-जाळे असे नाव आहे.

विद्यार्थी मित्रांनो, आता खरा प्रश्न येतो. निरोप कोणी कोणाकडे द्यावा? अनेक वाटांपैकी कोणती वाट धरावी? या निर्णयाला मार्गनिवड म्हणतात. तिच्याकडून आपण दोन गोष्टी मागतो. निरोप कमीत कमी ऊर्जेत जावा, ही पहिली. आणि तो निश्चित पोचावा, ही दुसरी. या दोन मागण्या एकमेकींच्या विरुद्ध ओढतात. त्यांचा मेळ शास्त्रज्ञ कसा घालतात, ते प्रस्तुत लेखात पाहू.

पाण्यात रेडिओ का चालत नाही?

जमिनीवरील बिनतारी यंत्रे रेडिओलहरींवर चालतात. या लहरी प्रकाशाच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे ३,००,००० किलोमीटर जातात. मग समुद्रातही त्याच का वापरू नयेत? याचे कारण मीठ होय. खारे पाणी विजेचे वाहक आहे आणि वाहकात शिरलेली रेडिओलहर झपाट्याने क्षीण होते. सेकंदाला दहा लाख कंपने असणारी रेडिओलहर समुद्राच्या पाण्यात सुमारे २५ सेंटीमीटर जाते न जाते तोच तिचा जोर एक-तृतीयांशाच्या जवळपास येतो. पुढल्या प्रत्येक २५ सेंटीमीटरांस पुन्हा तीच गत. म्हणजे माणसाच्या उंचीइतक्या पाण्यातून पार होणेही तिला कठीण. उपग्रहाकडून स्थान सांगणारे जीपीएस पाण्याखाली निरुपयोगी ठरते, तेही याच कारणाने.

प्रकाशाची गोष्ट थोडी बरी आहे. निळा-हिरवा प्रकाश स्वच्छ पाण्यात काही दशके मीटरपर्यंत निरोप नेऊ शकतो. परंतु पावसाळ्यात मांडवीचे गढूळ पाणी समुद्रास मिळते त्या जागी हात बुडविला तर बोटे दिसत नाहीत, हे आपण जाणतोच. तेथे प्रकाशाचा निभाव कसा लागणार? यास्तव दूरच्या निरोपासाठी ध्वनीचाच आश्रय घ्यावा लागतो.

पाण्यात ध्वनी किती वेगाने जातो, याचे प्रसिद्ध मापन १८२६ मध्ये स्वित्झर्लंडमधील जिनिव्हा सरोवरावर झाले. झाँ-दानिएल कोलादों आणि शार्ल स्तुर्म हे दोघे ते करणारे होत. एका नावेवरून पाण्यात बुडविलेली घंटा वाजवावयाची आणि त्याच क्षणी दारू पेटवून उजेड करावयाचा. कित्येक किलोमीटर दूर असलेल्या दुसऱ्या नावेवरच्या माणसाने उजेड दिसताच वेळ मोजावयास लागून, पाण्यात सोडलेल्या नळीस कान लावून घंटेचा नाद ऐकावयाचा. इतक्या साध्या साधनांनी त्यांनी काढलेला वेग सेकंदाला १४३५ मीटर आला, आणि तो आजच्या मापनांच्या अगदी जवळ आहे. समुद्राच्या खाऱ्या पाण्यात तो साधारणपणे १५०० मीटर असतो. हवेतील ध्वनीच्या चौपटीहून तो अधिक आहे हे खरे. परंतु रेडिओलहरींच्या मानाने तो दोन लाख पटींनी मंद आहे. तीन किलोमीटरांवरील यंत्राला प्रश्न विचारला तर तो पोचण्यास दोन सेकंद आणि उत्तर परत येण्यास दोन सेकंद लागतात.

ध्वनीच्या इतरही अडचणी आहेत. ध्वनी जितका तीव्र स्वराचा, तितका तो पाण्यात लवकर शोषला जातो. दहा किलोहर्ट्झच्या ध्वनीची एका किलोमीटरात शोषणामुळे सुमारे एक-पंचमांश शक्ती नष्ट होते. शंभर किलोहर्ट्झच्या ध्वनीचा तेवढ्याच अंतरात सहस्रांशही उरत नाही. त्यामुळे दूर बोलावयाचे तर खालच्या स्वरात बोलावे लागते आणि खालच्या स्वरात सेकंदाला थोडीच माहिती मावते. पृष्ठभागावरून व तळावरून उठणारे प्रतिध्वनी मूळ निरोपात मिसळतात. तापमान, क्षारता आणि दाब यांप्रमाणे ध्वनीचा वेग बदलत असल्याने ध्वनीचा मार्ग वाकतो आणि मध्येच असे प्रदेश पडतात की तेथे तो पोचतच नाही. पाऊस, लाटा, जहाजांची चक्रे, इतकेच काय पण उष्ण प्रदेशांतील उथळ पाण्यात नांगीचा चटका वाजविणारी एक लहानशी कोळंबीदेखील गोंगाट माजविते. अशा बाजारात बोललेला शब्द पुढच्याने अचूक ऐकला असेल, असा भरवसा धरता येत नाही.

शक्तीची शिल्लक

जमिनीवरचे यंत्र सूर्यप्रकाशावर चालविता येते अथवा त्याची बॅटरी बदलता येते. समुद्रतळावर सूर्य नाही, आणि बॅटरी बदलावयाची तर जहाज न्यावे लागते. म्हणून खाली सोडताना यंत्राबरोबर दिलेली शक्ती हीच त्याची जन्मभराची शिदोरी समजली पाहिजे.

ही शिदोरी कशात खर्च होते? मुख्यतः बोलण्यात. ध्वनीने निरोप धाडताना यंत्रास दहा-वीस वॉट, कधी त्याहूनही अधिक शक्ती लागते. नुसते ऐकत बसण्यास बहुधा एका वॉटचा काही अंशच पुरतो. कोकणात एका शेतातून दुसऱ्या शेतात कुकारा घालणाऱ्या माणसास हे सांगावयास नको. ऐकणाऱ्यास श्रम नाहीत, दम लागतो तो घालणाऱ्यास. म्हणून ऊर्जा वाचविणे याचा पहिला अर्थ असा की, जेवढे बोलणे आवश्यक तेवढेच बोलावे.

आता एक हिशेब करू. खोल समुद्रात ध्वनी सर्व दिशांना पसरतो आणि त्याची तीव्रता साधारणतः अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. एक किलोमीटर अंतरास शक्तीचा १ भाग लागतो असे धरले, तर चार किलोमीटर अंतरास ४ × ४, म्हणजे १६ भाग लागतील. परंतु मध्ये तीन यंत्रे ठेवून एकेक किलोमीटरचे चार टप्पे केले, तर ४ × १, म्हणजे चारच भागांत काम होईल. शोषण हिशेबात घेतले तर टप्प्यांचा लाभ याहूनही थोडा अधिक दिसेल. पूर्वी जासूद चौकीचौकीवर थैली पुढच्याच्या हाती देत असे. तेथे वेग साधत असे, येथे शक्ती वाचते.

मग शंभर-शंभर मीटरचे चाळीस टप्पे का करू नयेत? कारण प्रत्येक टप्प्यावर एका यंत्रास जागे व्हावे लागते, निरोप ऐकून उलगडावा लागतो, आपली पाळी येईपर्यंत थांबावे लागते आणि पुन्हा उच्चारावा लागतो. त्यात वेळही जातो व शक्तीही. शिवाय प्रत्येक टप्पा म्हणजे निरोप हरवण्याची एक नवी जागा. हा दुसरा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. तो स्वतंत्रपणे पाहू.

पोचण्याची खात्री

असे समजा की, वाटेत पाच टप्पे आहेत आणि प्रत्येक टप्प्यावर शंभरांपैकी नव्वद निरोप नीट पोचतात. दर टप्प्याची कामगिरी ऐकावयास वाईट नाही. परंतु पहिल्या टप्प्यानंतर ९० उरतात, दुसऱ्यानंतर ८१, तिसऱ्यानंतर सुमारे ७३, चौथ्यानंतर ६६ आणि पाचव्यानंतर ५९. म्हणजे शंभरांतील एकेचाळीस निरोप वाटेतच बुडाले! त्यांतला एखादा त्सुनामीचा असला तर?

यावर पहिला उपाय सुचतो तो असा: एकाच निरोपाच्या दोन प्रती दोन निरनिराळ्या वाटांनी पाठवाव्यात. दोन्ही प्रती हरवण्याचा संभव ४१ टक्क्यांचे ४१ टक्के, म्हणजे सुमारे १७ टक्के. अर्थात शंभरांपैकी ८३ निरोप पोचतील. सुधारणा झाली खरी. पण प्रत्येक निरोपामागे सर्व यंत्रांचे मिळून सरासरी आठ वेळा बोलणे झाले.

दुसरा उपाय टप्प्यावरच चूक दुरुस्त करण्याचा. निरोप मिळाला की पुढच्या यंत्राने पोच द्यावी. पोच आली नाही तर मागच्याने निरोप एकदा पुन्हा सांगावा. आता एका टप्प्यावर निरोप हरवण्यासाठी दोन्ही प्रयत्न फसले पाहिजेत, आणि तसे शंभरांत एकदाच घडेल. शंभरांपैकी ९९, असे पाच टप्पे, म्हणजे शेवटी ९५ निरोप पोचतात. आणि बोलणे किती? सरासरी साडेपाच वेळांहूनही थोडे कमी, अधिक छोट्या पोचांचा किरकोळ खर्च. पाहा, अधिक खात्री आणि तीही कमी खर्चात! प्रत्येक वाटेवर दुप्पट माणसे धाडण्यापेक्षा ज्या जागी पाय घसरला त्याच जागी सावरणे स्वस्त पडते.

अर्थात समुद्रात पोचेचीही किंमत आहे. दीड किलोमीटरच्या टप्प्यास जाण्याचा एक व येण्याचा एक असे दोन सेकंद तिष्ठावे लागते, आणि पोच स्वतःही हरवू शकते. यावर एक सुंदर युक्ती योजिली जाते. ध्वनी सर्व दिशांना पसरत असल्यामुळे पुढच्या यंत्राने निरोप आणखी पुढे उच्चारला की तो मागच्याच्याही कानी पडतो. तेच ऐकून मागच्याने ‘माझे काम झाले’ असे समजावयाचे. वेगळ्या पोचेची गरज उरत नाही.

तिसरा उपाय निरोपाच्या रचनेतच असतो. निरोपाबरोबर थोडी जादा अक्षरे अशा नियमाने जोडतात की काही अक्षरे गोंगाटात बिघडली तरी उरलेल्यांवरून ती ओळखता यावीत. निरोप किंचित लांबतो, पण पुन्हा विचारण्याची पाळी कमी वेळा येते. ज्या पाण्यात प्रश्नोत्तरास चार-चार सेकंद लागतात, तेथे हा उपाय विशेष उपयोगी पडतो.

वाट ठरविण्याच्या रीती

आता मार्गनिवडीकडे वळू. सर्वांत भोळी रीत म्हणजे ज्याने निरोप ऐकला त्याने तो पुढे ओरडून सांगावा. निरोप बहुधा पोचेल. पण शंभर यंत्रे असली तर शंभरही जणे ओरडतील, एकमेकांच्या आवाजात आवाज मिसळेल आणि शिदोरी पाहता पाहता संपेल. खात्रीची मागणी एकटीच ऐकली म्हणजे असे होते.

२००६ मध्ये पेंग शिए, जुन-होंग कुई आणि ली लाव यांनी एक सुधारलेली रीत मांडली. निरोप सांगणाऱ्या यंत्रापासून बोयापर्यंत एक काल्पनिक सरळ रेषा ओढावी आणि तिच्याभोवती ठराविक जाडीची नळी कल्पावी. नळीच्या आत असलेल्या यंत्रांनीच निरोप पुढे न्यावा, बाहेरच्यांनी गप्प राहावे. नळी रुंद केली की वाहक वाढतात व खात्री वाढते. अरुंद केली की खर्च घटतो. खर्च आणि खात्री यांचा तराजू येथे नळीच्या जाडीच्या रूपाने आपल्या हाती येतो. परंतु मी नळीत आहे की बाहेर, हे कळावयास यंत्रास स्वतःचे स्थान ठाऊक हवे. पाण्याखाली जीपीएस नाही, आणि प्रवाह यंत्रांना हलवीत असतात. सकाळी काढलेला नकाशा सायंकाळी खरा राहील असे नाही.

या अडचणीतून वाट काढणारी रीत २००८ मध्ये हाय यान, झिजी शी आणि जुन-होंग कुई यांनी अमेरिकेतील कनेटिकट विद्यापीठातून मांडली. तिच्या मुळाशी असलेली कल्पना इतकी साधी आहे की आठवीच्या विद्यार्थ्यासही ती पटावी. पाण्यात दर दहा मीटरांस दाब सुमारे एका वातावरणाने वाढतो, हे आपण पदार्थविज्ञानात शिकतो. तेव्हा स्वस्तशा दाबमापकावरून यंत्रास आपली खोली कळते. पूर्ण स्थान कळत नसेना का. निरोपास तर वरच जावयाचे आहे! मग केवळ खोली पाहून वाट ठरवावी.

यंत्र निरोपाबरोबर आपली खोली सांगते. ऐकणारी जी यंत्रे त्याच्याहून अधिक खोल आहेत ती निरोप सोडून देतात. जी वर आहेत ती लगेच बोलत नाहीत, थोडी थांबतात. जे जितके वर तितके ते कमी थांबते. त्यामुळे सर्वांत वरचे यंत्र आधी बोलते आणि त्याचा आवाज ऐकून बाकीची स्वस्थ बसतात. समजा, ९०० मीटरांवरील यंत्राने निरोप दिला आणि तो ७००, ७८० व ९५० मीटरांवरील तिघांनी ऐकला. ९५० वाला सोडून देईल. ७०० वाला अल्प काळ थांबून बोलेल. ते ७८० वाल्याने ऐकले तर तो गप्प राहील. आणि ७०० वाल्याचे बोलणे काही कारणाने झालेच नाही, तर ७८० वाला आपली थांबण्याची मुदत संपताच स्वतः बोलेल. कोणी कोणाची नेमणूक केलेली नाही. तरीही बहुधा एकच बोलतो आणि तो चुकला तर दुसरा सज्ज असतो. पृष्ठभागावर अनेक बोये ठेवलेले असले तर निरोप त्यांतल्या कोणत्याही एकाकडे पोचला तरी चालतो, कारण बोयांना आपसात रेडिओने बोलता येते.

भार वाटून घेणे

एवढी चांगली रीत, पण तिच्यातही एक उणीव आहे. वरच्या यंत्रालाच नेहमी मान मिळत असल्यामुळे तेच पुन्हा पुन्हा राबते. खालच्या सगळ्यांचे निरोप त्याच्याच हातून जातात. त्याची बॅटरी इतरांच्या फार आधी संपते आणि मग त्या जागी जाळ्यास भोक पडते. खाली शिदोरी भरलेली यंत्रे आहेत, त्यांच्याजवळ सांगण्यासारखेही आहे. पण निरोप वर नेणारे कोणी उरले नाही. म्हणूनच जाळ्याचे आयुष्य मोजताना अनेक अभ्यासक पहिले यंत्र केव्हा बंद पडले, तो काळ पाहतात.

यावरचा उपाय असा की, थांबण्याची मुदत ठरविताना खोलीबरोबर उरलेल्या शक्तीचाही विचार करावा. वरच्या उदाहरणात ७०० मीटरांवरील यंत्राजवळ शंभरांपैकी २० भाग शक्ती उरली आहे आणि ७८० वाल्याजवळ ८० भाग, असे समजा. केवळ खोली पाहणारा ७०० वाल्याकडे जाईल. शक्तीही पाहणारा ७८० वाल्यास पुढे करील. निरोपाची वाट किंचित लांबेल, कदाचित एखादा टप्पाही वाढेल. पण दमलेल्यास विसावा मिळेल आणि संपूर्ण जाळे अधिक दिवस टिकेल. तेव्हा उत्तम वाट म्हणजे सर्वांत जवळची वाट असे समजणे बरोबर नाही. जिच्यावरून आजचा निरोप पोचतो आणि उद्याचा निरोप नेणाराही शिल्लक राहतो, ती वाट उत्तम म्हणावी.

दुसरी अडचण रिकाम्या जागांची. एखाद्या यंत्राच्या वर, ऐकू जाईल इतक्या अंतरात, कोणीच नसते. ‘फक्त वर’ हा नियम धरून बसले तर निरोप तेथेच अडकून पडेल. अशा वेळी निरोप प्रथम बाजूस अथवा थोडा खालीही नेऊन, रिकाम्या जागेस वळसा घालून मग वर आणण्याच्या रीती सुचविल्या गेल्या आहेत. पुढे काही पावले जाण्यासाठी एखादे पाऊल मागे घ्यावे लागते, हे डोंगरातली वाट चालणाऱ्यास नवे नाही.

केव्हा बोलावे?

कोणाकडे बोलावे याइतकाच केव्हा बोलावे हा प्रश्न महत्त्वाचा आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय महासागरी व वायुमंडलीय प्रशासनाने विकसित केलेल्या ‘डार्ट’ या त्सुनामी-बोयाचे उदाहरण या बाबतीत मार्गदर्शक आहे. त्याच्या दुसऱ्या पिढीतील तळावरचा दाबमापक समुद्र शांत असताना सहा तासांतून एकदाच आपली मोजमापे वर कळवितो. मात्र तो मोजत सतत असतो. भरती-ओहोटीवरून पाण्याची पातळी किती असावी याचे अनुमान तो स्वतःच करतो आणि प्रत्यक्ष पातळी त्याहून ठराविक मर्यादेपलीकडे निराळी दिसली की तत्काळ वरचेवर बोलू लागतो. उत्तर पॅसिफिक महासागरात ही मर्यादा ३ सेंटीमीटरांची ठेवलेली आहे. हजारो मीटर पाण्याच्या भाराखाली बसून तीन सेंटीमीटरांचा फरक ओळखावयाचा आणि तेव्हाच आवाज उठवावयाचा! शिदोरी जपणे आणि संकटकाळी न चुकणे या दोन्ही मागण्या येथे एकाच नियमाने पुऱ्या होतात.

उलट, काही माहितीला घाई नसते. जगातील महासागरांत ‘आर्गो’ नावाचे काही हजार तरंगते मापक सोडलेले आहेत. ते एकमेकांशी बोलतच नाहीत. साधारणतः एक किलोमीटर खोलीवर प्रवाहाबरोबर वाहत राहावयाचे, दर दहा दिवसांनी दोन किलोमीटर खोल उतरून मग मोजत मोजत वर यावयाचे आणि पृष्ठभागावरून थेट उपग्रहास सर्व सांगून पुन्हा बुडी मारावयाची, असा त्यांचा क्रम. आपल्या दोना पावल येथे मुख्यालय असलेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९६६ मध्ये स्थापन झाली. तिने ‘माया’ नावाचे लहान स्वयंचलित जलयान तयार केले आहे. अशा जातीच्या यानांनी खालच्या यंत्रांजवळ जाऊन माहिती गोळा करावी, म्हणजे त्या यंत्रांस मोठ्याने बोलावेच लागणार नाही, अशीही एक दिशा संशोधकांनी धरली आहे. पण यान येईपर्यंत निरोप थांबू शकतो, तेथेच हे शक्य आहे. तापमानाची नोंद दहा दिवस थांबेल. त्सुनामीची वार्ता दहा मिनिटेही थांबणार नाही. म्हणून सर्व निरोपांस एकच मार्गनिवड लागू करणे शहाणपणाचे नाही.

या क्षेत्रात अजून पुष्कळ काम व्हावयाचे आहे. निरनिराळ्या देशांची व कारखान्यांची यंत्रे एकमेकांची भाषा जाणत नसत; ती उणीव काढण्यासाठी ‘जानुस’ नावाची एक समान ध्वनिभाषा इटलीतील ला स्पेझ्झिया येथील संशोधन केंद्रात सिद्ध झाली आणि २०१७ मध्ये नाटो संघटनेने तिला प्रमाण म्हणून मान्यता दिली. मार्गनिवडीच्या रीतींची परीक्षा मात्र अद्याप बहुतांशी संगणकातील प्रतिरूपांवरच झालेली आहे, कारण खऱ्या समुद्रात यंत्रे उतरवून पाहणे फार खर्चाचे असते. संगणकातील समुद्र आपण सांगू तसा वागतो. खरा समुद्र तसा वागत नाही. शिवाय डॉल्फिन आणि देवमासे यांचाही सारा व्यवहार ध्वनीवरच चालतो. त्यांच्या घरात आपण कमी आवाजात व कमी वेळा बोललो तर शिदोरीही वाचेल आणि त्यांनाही उपद्रव कमी होईल.

किनाऱ्यावर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना या विद्येचे महत्त्व निराळे सांगावयास नको. जो निरोप वेळेवर पोचतो, त्याच्यामागे पाण्याखालच्या अंधारात कोणत्या यंत्राने बोलावे आणि कोणी गप्प राहावे हे आधी विचारपूर्वक ठरविलेले असते. तो विचार करण्यास लागणारे गणित आणि पदार्थविज्ञान तुमच्या पाठ्यपुस्तकांतच आहे: वेग, काळ व अंतर यांचा संबंध, वर्गाचे प्रमाण, द्रवाचा दाब आणि संभाव्यता. खालील प्रश्न वहीत सोडवून पाहा.

१. दोन यंत्रांमध्ये ४५०० मीटर अंतर आहे. ध्वनीचा वेग सेकंदाला १५०० मीटर धरला, तर निरोप जाऊन त्याची पोच परत येण्यास किती वेळ लागेल?

२. प्रत्येक टप्प्यावर शंभरांपैकी ९० निरोप पोचतात. तीन टप्प्यांनंतर किती उरतील? प्रत्येक टप्प्यावर एकदा पुन्हा सांगण्याची सोय केली, तर किती?

३. सहा किलोमीटरचे अंतर एका दमात आणि तीन समान टप्प्यांत, अशा दोन रीतींनी काटले, तर वर्गाच्या नियमाप्रमाणे शक्तीचे प्रमाण काय पडेल? टप्पे वाढविल्याने कोणता लाभ आणि कोणती हानी होईल, हे चार वाक्यांत लिहा.